मालकाचा स्कोअर

पूर्णा गावच्या गोदामात पॅकिंग करणाऱ्या रोशनीनं कामतघर भागात भाड्याची खोली ठरवली होती. घरमालक तिच्या मोबाईलवरचा क्रेडिट रिपोर्ट बघत म्हणाले, “कर्जाचे तीन हप्ते चुकलेत. तुला खोली न्हाय मिळायची.” “शेठ, जुन्या मालकानं माझं चाळीस हजारांचं डिपॉझिट बुडवलं. तुमच्यासाठी परत तेवढंच जमवताना हप्ते राहिले.” “त्याचं मला काय? स्कोअर कमी हाय.” रोशनी संतापली. बुडवणाऱ्याचं नाव कुठल्याच रिपोर्टात नव्हतं, तिचंच होतं. तिनं टेबलावरचं डिपॉझिटचं पाकीट उचललं. “मग तुमचाही स्कोअर दाखवा.” “भाडेकरू मालकाचा स्कोअर मागणार?” “मागणार. पैसे मी तुमच्याकडं ठेवणार होते.” मालकांनी दाराकडं बोट दाखवलं. बाहेर तिच्या सामानाचा टेम्पो उभा होता. “अब किधर?” ड्रायव्हरनं विचारलं. “जुन्या मालकाच्या घरी,” ती म्हणाली. “सामान त्याच्या दारात उतरवा. डिपॉझिट मिळेपर्यंत मी हलणार नाही.”