पडद्याआडच्या फेऱ्या

"बाबा, काल पुन्हा गंगापूर धरणावर? कोणाबरोबर गेला होतात?" कॅनडातून बोलणाऱ्या नीरजाचा आवाज खुलला होता.

दिगंबर खांबेट्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. चार्जरला लावलेली विजेची गाडी पंधरा दिवस जागची हलली नव्हती. टपावर बुचाची फुलं पडून वाळली होती. अशा गाड्या दारात उभ्या असताना उरलेली वीज ग्रिडला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्याला, परत देत; त्या नोंदींवरून गाडी कधी बाहेर आणि घर कधी रिकामं ते चोरांना कळू लागलं, तेव्हा ग्रिडवाल्यांनी ॲपमध्ये 'पडदा' आणला. तो खऱ्या नोंदींत खोट्या फेऱ्या मिसळायचा. नीरजाच्या फोनवरही त्याच नोंदी दिसत.

खरं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"आई गेल्यापासून तुम्ही एकटेच बसून असाल म्हणून जीव टांगणीला लागायचा," ती म्हणाली. "आता निर्धास्त झाले बघा."

"जुने मित्र गं," ते म्हणाले. "सोडतच नाहीत मेले."

"मग रोज फोन करून तुम्हाला अडकवत नाही. रविवारी बोलू."

फोन ठेवल्यावर त्यांनी ॲप उघडून पडदा आणखी दाट केला.

संध्याकाळी गाडी त्र्यंबकला जाऊन आल्याची नोंद पडली. टपावरची फुलं तशीच होती.