मोहाखालचा दगड

नंदलालने गाडी थांबवली आणि इंजिनही बंद केलं. सडकेवर चितळं उभी होती, चांगली सात-आठ. हॉर्न न वाजवता तो निमूट बसून राहिला. शेवटचं पाडस पलीकडच्या झुडपात शिरलं, तेव्हा कुठे तो खाली उतरला आणि हँडल मारून गाडी पुन्हा सुरू केली.

गोंदियाच्या ट्रकच्या अड्ड्यावर त्याला सगळे हरणांचा मामा म्हणत. हरीण तर सोडाच, कोल्हा आडवा आला तरी हा बाबा ब्रेक दाबायचा! एकदा एक अजगर सडक ओलांडेपर्यंत ताटकळला आणि मागच्या गाडीवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. "अरे यार, वो तेरा बाप लगता है क्या?" छोटेलाल ड्रायव्हर चिडवायचा. नंदलाल नुसता हसायचा. कारण सांगण्यासारखं नव्हतं.

तीन वर्षांमागची गोष्ट. असाच चैत होता. सालेकशाहून दरेकशाला बांबू आणायला निघालेला, आणि नीट उजाडलंही नव्हतं. वळणावर मोहाचं एक झाड सडकेवर ओणवलेलं आहे. फुलांचा सडा थेट सडकेवर पडतो. तिथे त्याला एक तांबूस पाठ दिसली, वाकलेली. मोहफुलं खायला हरणं त्या वेळेला येतातच. ब्रेक दाबायला वेळ होता. पण यानं हॉर्न दिला आणि गाडी दामटली. पळेल नाहीतर मरेल, हरीणच ते! धप्प आवाज झाला. चाकाखाली काहीतरी करकरून मोडलं, वाळकी फांदी असावी. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात मालकाने त्याला बालाघाटच्या बाजूला धाडलं. वर्षभराने परत आला, तर त्या मोहाखाली शेंदूर लावलेला एक दगड उभा होता. भोवती लहान दगडांचा ढीग, फांदीला एक चेंदलेली टोपली टांगलेली, आणि ढिगाशी एक म्हातारी बसलेली. रानात जिथे अवचित जीव गेला, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याने एक दगड ठेवायचा, ही तिकडची रीत. जीव कोणाचा गेला, हे कोणी विचारत नाही.

नंदलालने मात्र भीत भीत विचारलं होतं, "मावशी, हा कशाचा दगड?"

"गाडीखाली गेली, बापू," म्हातारी म्हणाली होती. "पोटात होतं तिच्या."

नंदलालला ती तांबूस पाठ आठवली. एका मुक्या जीवासाठी ही बाई दगड पुजते, आणि आपण साधी गाडी थांबवली नाही! त्या दिवसापासून तो दर खेपेला तिथे उतरायचा, एक दगड ठेवायचा, हात जोडायचा. हरणांसाठी मिठाचा खडा ठेवायचा. म्हातारीचं नाव धुरपता. ती पाणी द्यायची, घरचं विचारायची. गाडी आपलीच होती, हे मात्र त्याने सांगितलं नाही. जीभच रेटायची नाही.

पण आता गप्प बसवत नव्हतं. निर्मलाला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा सातव्या महिन्यात होत्याचं नव्हतं झालं. "किसी की हाय लगी है रे," त्याची आई अनुसयाबाई म्हणाली होती. कोणाचा तळतळाट, ते नंदलालला ठाऊक होतं. आता तिसऱ्यांदा सातवा लागला होता. आज त्याने नारळ आणला होता, आणि मनाचा हिय्या करून आला होता.

धुरपता दगडाशी बसून होती. "ये बापू, बस. आज उशीर केला."

"चितळं होती सडकेवर."

"कसी आहे तुही बायको?"

"सातवा लागला, मावशी. डर लागतो."

धुरपताने पदराची गाठ सोडली. आत काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या, कागदात नीट गुंडाळलेल्या. "हे घे. घालून दे तिले. घेऊन ठेवल्या होत्या म्या, घालाले कोनी रायलं नाई."

नंदलालने बांगड्या दोन्ही हातांत घेतल्या. बिचारीला लेक-सून कोणी नसेल, त्याला वाटलं.

"भेऊ नोको," ती दगडाकडे पाहून म्हणाली. "म्या सांगून ठेवलं आहे हिले, नंदलालच्या लेकराले सांभाळजो म्हनून."

एवढं ऐकलं आणि नंदलालला राहवेना. तो तिच्या पायांवर कोसळला आणि हमसून हमसून रडायला लागला. धुरपताने घाबरून त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अरे, काऊन रडून रायला? काय झालं?"

"मावशी, ती हरणी माझ्याच गाडीखाली आली. ब्रेक मारता येत होता, मारला नाही मी. म्हटलं, हरणीच तर आहे. माफ कर मला. माझ्या लेकराला तिची हाय लागू देऊ नको!"

पाठीवरून फिरणारा हात थांबला. मोहाची फुलं टपटप पडत होती, दगडावर, ढिगावर, सडकेवर. नंदलालने मान वर केली.

"कोनती हरनी, बापू?" धुरपता म्हणाली. "अथी त माही लेक रुख्मा फुलं वेचून रायली होती."