सोमवारचा आकडा

जवळ सरका मायबाप, गेनूतात्यांची गोष्ट सांगतो.

तात्यांना दवाखान्यानं बीपीचं मशीन दिलं होतं. दर सोमवारी सिस्टरचा फोन यायचा, "तात्या, आज किती आलं?" फोनवर आकडे विचारतो तो लुबाडणाराच, हे तात्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मशीनला हातही न लावता ठोकून द्यायचे, "एकशेवीस, ऐंशी."

पाचव्या सोमवारी ती म्हणाली, "महिनाभर तेच? इतकं सरळ बीपी देवाचंही नसेल. माझा संशय येतो का?"

"येतो."

"अहो, बीपी चोरता आलं असतं तर तुमचं कधीच नेलं असतं."

तात्यांना हसू फुटलं. त्यांनी पट्टा दंडाला बांधला आणि पहिल्यांदाच खरं सांगितलं, "एकशेनव्वद, एकशेदहा. डोकं सकाळपासून ठणकतंय."

"उठू नका. दवाखान्याची गाडी निघालीच."

तात्या बचावले, आज इथंच पुढं बसलेत. आता नामाचा गजर करताना फोनवरच्या त्या न पाहिलेल्या लेकीलाही आठवा.