साखरेची तपासणी

लीश्याने छोटी बाटली मुलाच्या जाकिटाच्या आतल्या खिशात कोंबली आणि वरून दाबून पाहिली. बाटली अजून कोमट होती. शाओचीने ती काढून टेबलावर ठेवली. तिने पुन्हा कोंबली.

"आई, मी माझीच देतो ना. मी काही घेतलेलं नाही."

"मागच्या वेळीही हेच म्हणाला होतास. देवीसमोर, हातात उदबत्ती धरून."

मागच्या वेळी तो खोटंच बोलला होता. त्याच्याही आधी घरच्या देवीच्या गळ्यातली सोन्याची पट्टी त्याने विकली होती, आणि शोधाशोध सुरू झाल्यावर आईबरोबर पलंगाखाली वाकून ती शोधलीही होती. आता वर्षभर तो फिशबॉलच्या कारखान्यात मन लावून काम करत होता. अंगावर मांस चढलं होतं, रात्री घोरत होता. तरी लीश्याचा त्याच्यावर काडीचाही विश्वास उरला नव्हता.

नशेच्या खटल्यात कोर्टाने त्याला तुरुंगाबाहेर ठेवलं होतं ते एका अटीवर. पोलीस बोलावतील तेव्हा ठाण्यावर जाऊन लघवी द्यायची, आणि एकदा जरी खराब निघाली तर सरळ आत. आजचं बोलावणं शेवटचं होतं. एवढं पार पडलं की पोरगा सुटला. अशा वेळी नशिबाच्या भरवशावर राहायला लीश्या काही वेडी नव्हती.

बाटलीत होती ती त्याच्या बापाची लघवी. साखरेची तपासणी करायची आहे, असं सांगून तिने सकाळीच नवऱ्याकडून भरून घेतली होती. त्यानेही खुशाल भरून दिली. चिनशुईच्या लघवीत साखर निघाली असती तर निघाली असती, बाकी काय निघणार? तो दारूला शिवत नसे. तुंगकांगच्या बंदरातले मासे तो ट्रकने रात्रीतून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, तैपेईला पोचवायचा आणि रिकामा ट्रक घेऊन तसाच परत यायचा. या माणसाला झोप म्हणून ठाऊक नाही, असं बंदरातले लोक कौतुकाने म्हणत. घरी आल्यावरही तो आडवा व्हायचा नाही. जेवायला नको म्हणायचा आणि ट्रकची चाकं घासत बसायचा. घासता घासता मुलाला ऐकवायचा की तुझ्यात माझं रक्त दिसतच नाही, सगळं आईच्या लाडाचं पाणी आहे. मग गाडी लीश्याकडे वळायची. तूच त्याला पाठीशी घातलंस, म्हणायचा. ते खरंही होतं. देवीची पट्टी गेली तेव्हा ती आपणच मोडली, असं तिने नवऱ्याला सांगितलं होतं.

ठाण्यावर लीश्याही बरोबर गेली. तिथला हवालदार त्यांच्याच गल्लीत वाढलेला. तो नेहमीसारखा पाठ करून उभा राहिला. शाओचीने आईचं ऐकलं आणि मग घरी न येता तडक कामावर गेला.

निकालाला बोलावलं तेव्हा चिनशुईही आला. पोरगा सुटतोय तर एकदा जाऊ, असं म्हणाला. ट्रक बाहेर लावून तो बायकोशेजारी बाकावर बसला; शाओची टेबलापाशी उभा होता. हवालदाराने कागद वाचला, मग पुन्हा वाचला.

"काकू, खराब निघाली," तो म्हणाला. "आणि या वेळी ती जुनी पांढरी पूड नाही. झोप उडवायचे खडे आहेत. इथले ट्रकवाले ओढतात ते."

लीश्याने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडात सुपारी नव्हती, तरी जबडा चालत होता. इतकी वर्षं ज्याला ती मेहनत म्हणत आली, ते काय होतं हे तिला त्या बाकावर कळलं. पोरगा खरं बोलत होता. स्वतःची दिली असती तर आज सुटला असता.

चिनशुई उठला आणि त्याने मुलाच्या थोबाडीत ठेवून दिली.

शाओचीने गाल चोळला नाही. बापाकडे पाहिलंही नाही. "ती माझी नव्हती," तो हवालदाराला म्हणाला. "आईला विचारा."

असं म्हणणारे ठाण्यावर रोज येत. पण गल्लीतलं घर म्हणून हवालदाराने पेन खाली ठेवलं. "काकू, तुम्हीच होता त्याच्याबरोबर. बाटली बदलली असेल तर सांगा. पण मग कुणाची होती, तेही मला लिहावं लागेल."

शाओची आईकडे बघत होता. लहानपणी दवाखान्यात सुई टोचताना बघायचा, तसा. लीश्याला त्याची भयंकर दया आली. तरी तिचं डोकं भराभर चालू लागलं. नवऱ्याचं नाव लिहिलं की त्याचं लायसन्स गेलं, लायसन्स गेलं की ट्रक गेला, आणि घर त्या ट्रकवर चालत होतं. बंदरात त्याला मान होता. पोराचं नाव तर आधीच बद्दू झालेलं. त्यात आणखी काय बिघडणार होतं?

"त्याचीच होती," ती म्हणाली. "खोटं बोलायची सवयच आहे त्याला."

हवालदाराने पेन उचललं. आत नेताना शाओचीला धरावंही लागलं नाही.

बाहेर आल्यावर चिनशुईने बायकोसाठी ट्रकचं दार उघडून धरलं. असं त्याने कधी केलं नव्हतं. ती चढून बसली, तेव्हा त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आज पहिल्यांदा तू पोराला पाठीशी घातलं नाहीस," तो म्हणाला. "हेच आधी केलं असतंस, तर कधीचाच सुधारला असता."