तळघरातला तलाव

सुपरवायझरनं काठावरून हाक मारली तेव्हा फरशीवाला क्लबच्या तळघरातल्या नव्या तलावाच्या तळाशी गुडघ्यांवर बसला होता. तलाव अजून कोरडा होता. भिंतीवर फरशा चिकटवायचं केमिकल पसरून झालं होतं आणि चार निळ्या फरशा बसवायच्या राहिल्या होत्या.

"वर ये रे. घरून माणूस आलाय तुझ्याकडे."

"आलोच. चारच राहिल्यात."

केमिकल सुकलं असतं तर सगळं खरवडून काढावं लागलं असतं. त्यानं चारही फरशा बसवल्या, रबरी हातोडीनं ठोकल्या, लेव्हल बघितली, हात पुसले. मग तळघराचा जिना चढून वर आला. वर पाऊल टाकताच खिशातला फोन टुंग टुंग करत सुटला. तो त्यानं बाहेर काढला नाही. समोर शेजारचे काका उभे होते आणि त्यांच्या पायात चपला नव्हत्या.

बायको स्वयंपाकघरात पडली होती. शेजाऱ्यांना कळेपर्यंत दहा वर्षांची थोरली एकटीच तिच्याजवळ होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. काका क्लबवर पोचले तेव्हा ती गेलेलीच होती, म्हणजे चार फरशांनी काही फरक पडला नसता. हे त्यानं स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

दोन महिन्यांनी शाळेला सुट्टी लागली. फ्रिजवर म्युनिसिपालटीच्या तलावाचा फॉर्म चुंबकाखाली तसाच होता. तो बायकोनं आणलेला. सुट्टीत पोरांना पोहायला घालायचं यावर दोघांचं एकमत होतं, कुठे यावर नव्हतं. त्याला क्लबचा तलाव हवा होता. तिथली प्रत्येक फरशी त्याच्या हातची होती.

"पोरांना पोहायला पाठवायचंय की तुमच्या फरशा बघायला?" ती म्हणायची.

"म्युनिसिपालटीचं पाणी बघितलंस का? हिरवं असतं."

"असू दे. पोरं काय ते प्यायला चाललीत?"

वाद तिथेच राहिला होता.

आता क्लबवाल्यांनी आपणहून निरोप पाठवला होता. दोन्ही पोरांना फुकट शिकवू.

"गरम पाणी, चार पोरांमागे एक सर," मदतीला येऊन राहिलेली त्याची ताई म्हणाली. "आणि तू अजून विचारच करतोयस?"

"ती म्युनिसिपालटीचा म्हणायची."

"म्हणायची रे, पण आता..." ताईनं डाळीचा डबा उगाच उघडून बंद केला.

त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. हा की तो, दोन्ही सारखेच. तो सकाळी डबे भरायचा, कामावर जायचा, संध्याकाळी कपडे वाळत घालायचा. शेवटी त्यानं थोरलीलाच विचारलं.

"आधी बघू," ती म्हणाली. हल्ली ती आईसारखी बोलायची.

पहिल्यांदा ते क्लबवर गेले. तळघरात दिवे लागले होते, पाणी स्वच्छ होतं. त्यानं त्या चार फरशा शोधल्या. सगळ्या सारख्याच दिसत होत्या. सहा वर्षांचा धाकटा काठावर पालथा पडून पाण्यात हात बुडवत होता.

"बाबा, फोन द्या जरा."

त्यानं दिला. थोरली पालकांच्या खुर्च्यांवर जाऊन बसली. मग उठली आणि फोन डोक्यावर धरून काठाकाठानं फिरली.

"पाण्यात पाडशील. खेळू नकोस," तो म्हणाला.

तिनं फोन परत दिला. मेसेजच्या चौकोनावर लाल आकडा होता: अकरा मेसेज. ते त्या दिवसापासून तसेच होते. त्यानं ते उघडले नव्हते.

मग म्युनिसिपालटीचा तलाव. उघड्यावरचा. कठड्याचा रंग उडालेला, पाणी खरंच हिरवट. खिडकीतल्या क्लार्कनं मान वर न करता सांगितलं, "इथं लाड नाहीत हां. आठ दिवसांत पोर तरंगतं, नाहीतर बोंब मारतं. आम्हाला दोन्हीची सवय आहे."

थोरलीनं पुन्हा फोन मागितला. पालकांच्या बाकावर बसून तिनं आत्याला लावला. "आत्या, ऐकू येतंय का? नीट येतंय? बरं, ठेवते." मग ती बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथूनही लावला.

परत येऊन म्हणाली, "इथंच."

"का गं? तिथं पाणी गरम आहे. सर चांगले आहेत."

"इथं फोन लागतो."

"फोन कशाला हवाय पोहायला?"

"आम्ही पाण्यात असताना तुम्ही बाकावर बसणार. तेव्हा घरी कुणाला काही झालं तर?" ती धाकट्याच्या शर्टाची बटणं लावत होती. तिनं वर पाहिलं नाही. "तिथं खाली लागत नाही. मी आईच्या फोनवरून अकरा वेळा लावला होता, बाबा."

क्लार्कनं खिडकीतून पेन पुढे केलं. फरशीवाल्यानं फॉर्म भरला. दोघांची नावं लिहिली, वयं लिहिली, तातडीच्या वेळी फोन कुणाला करायचा त्या रकान्यात आपला नंबर लिहिला. क्लार्कनं शिक्का मारला.

सोमवारपासून पोरं तिथे जातात. धाकटा तरंगायला लागलाय. फरशीवाला रोज बाकावर फोन मांडीवर ठेवून बसतो.

त्या दिवशी घरात मायलेकी दोघीच होत्या तेवढ्या वेळात काय काय झालं, हे त्यानं थोरलीला अजून विचारलेलं नाही.