पाठ करून बसायचं

"काय केलंत हे?" पोरगी म्हणाली.

टीव्हीवरचा निळा ड्रॅगन डोंगरापलीकडे उडून चालला होता. कंडक्टरच्या हातात गेमचा रिमोट तसाच. त्याला त्या जनावराला नुसता एक बकरा चारायचा होता. पोरीची तीन आठवड्यांची मेहनत त्यानं तीन सेकंदांत पळवून लावली.

"बघ, तिकीट न काढताच गेला," तो म्हणाला.

बसमध्ये यावर मागच्या सीटपर्यंत हशा पिकला असता. अकरा वर्षांच्या पोरीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिच्या आईशी लग्न करून त्याला चार महिने झाले होते. त्यानं नकला केल्या, कानामागून नाणं काढून दाखवलं, एकदा बुटात रबराची पाल ठेवली. पोरगी त्याला काका म्हणेना, की अहो म्हणेना. काहीच म्हणेना. दिवसभर अख्ख्या बसला हसवणारा हा माणूस घरात एका हाकेसाठी झुरत होता.

"मग पकडायचा कसा याला?"

"पकडायचा नसतो." तिनं रिमोट काढून घेतला. "आवाज करायचा नाही. मागे लागायचं नाही. लांब बसायचं, त्याच्याकडे पाठ करून. रोज थोडं जवळ सरकायचं. मग तो आपणहून येतो."

चार महिन्यांतलं तिचं सगळ्यात लांब भाषण. कंडक्टरच्या डोक्यात ट्यूब पेटली.

दुसऱ्या दिवसापासून ड्युटीवरून आला, की तो पोरीच्या खोलीच्या दारात फरशीवर बसायचा. तिच्याकडे पाठ करून, मटार सोलत. तोंडातून शब्द नाही. पोटात विनोदांचा गोळा उठायचा, तो गिळून टाकायचा.

"अहो, बरं नाही का?" बायकोनं विचारलं. "की जीभ बसमध्येच विसरलात?"

त्यानं नुसतं ओठांवर बोट ठेवलं.

रोज वीतभर आत. दारापासून कपाट, कपाटापासून पलंग. पोरगी आपली खाली बसून गेममध्ये गुंग. महिना होत आला, आणि एका संध्याकाळी त्याच्या पाठीला काहीतरी टेकलं. तिची पाठ होती. त्याच्या पायाला मुंग्या आल्या, तरी तो हलला नाही. मटार संपले, तर रिकाम्या शेंगा चाचपत बसला.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला तेव्हा पोरगी गॅलरीत होती. मैत्रिणीशी फोन चालला होता.

"जमलं गं. महिना गेला, पण माणसाळला."

म्हणजे ड्रॅगन परत आला तर. कंडक्टरच्या मनावरचं ओझं उतरलं. तो आवाज न करता तिथंच थांबला.

"छे, घाबरायचं काय त्यात," पोरगी सांगत होती. "आधी फार दंगा करायचा. सारखा हसवायला अंगावर यायचा. मग मीच त्याला सांगितलं, गप्प कसं बसायचं, जवळ कसं यायचं. आता शहाण्यासारखा मटार सोलत बसतो. काल मी टेकले, तर हललासुद्धा नाही. उद्या बाबा म्हणून हाक मारणार आहे. उडून नाही गेला म्हणजे मिळवलं."