पावणेपाच इंच

"पुन्हा पोचत नाहीये," शामसुंदरकाका म्हणाले. अगदी कुजबुजत म्हणाले, कारण आतल्या खोलीत मालिनीकाकू झोपल्या होत्या.

तेजलच्या मांडीवर काकांनी तिच्यासाठी घडवलेली नवी बेस गिटार होती. मांडीवर नीट बसावी म्हणून खालून खोलगट कोरलेली, खांद्यावर पट्ट्याची गरजच नाही. तारा पिळायच्या चाव्या मानेच्या टोकावरून काढून खाली, उजव्या हाताशी आणलेल्या. सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त डाव्या हाताची करंगळी चौथ्या पडद्यापर्यंत जात नव्हती. चांगली दीड इंच अलीकडेच थांबत होती. ही तिसरी मान. आधीच्या दोन कोपऱ्यात उभ्या होत्या, नापास पोरांसारख्या.

"तुझा पंजा मी स्वतः मोजला," काका वही चाळत म्हणाले. "पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत पावणेपाच इंच. तीनदा मोजला, तीनदा तेच. मग चुकतंय कुठे?"

चोराच्या मनात चांदणं. तेजल खाली बघत राहिली.

दोन वर्षांपूर्वी द्वारका चौकात तिची स्कूटर घसरली. हात वाचला, पण शेवटची दोन बोटं वळली ती वळलीच. डॉक्टर आधी म्हणाले, उघडतील. मग म्हणाले, बघू. मग काहीच म्हणेनासे झाले. बँडमधल्या मुलांनी सहा महिने वाट पाहिली आणि दुसरा बेसवाला घेतला. तिला ग्रुपमधून कुणी काढलं नाही. त्यांनी फक्त नवा ग्रुप केला. जुन्या ग्रुपवर अजूनही कधीकधी ती एकटीच जाऊन बघायची.

माप द्यायचं असलं की नाशिक रोडहून येताना बसमध्ये वाटभर ती उजव्या हाताने ती दोन बोटं मागे दाबत राहायची. काकांनी टेप धरला की दात आवळून पंजा उघडायची. शिंप्यापुढे लोक पोट आत ओढून उभे राहतात ना, अगदी तसं. काका वाचायचे, लिहायचे. टेप सुटला की बोटं परत आपल्या जागी. खरं माप सव्वातीन होतं, तिला ठाऊक होतं. पण ते एकदा वहीत चढलं की संपलंच. मग ती गिटार कायमची त्या हाताची झाली असती, आणि तो हात कायमचा तिचा.

शिवाय इथे खोटं पचायचंही. तेजलची यायची वेळ चारची, तीच नेमकी काकूंच्या झोपेची. त्यामुळे बोलायचं ते हळू, वाजवायचं तेही हळू. पहिल्या दिवशी तिने आणलेला ॲम्प टेबलाखाली वायर गुंडाळून पडला होता. ॲम्पशिवाय बेस म्हणजे भिंतीपलीकडे कुणी घोरावं एवढाच आवाज. तिला ते बरंच होतं. आपलं अडखळणं कुणाच्या कानावर जात नव्हतं. चहा मात्र तीन कप व्हायचा. तिसऱ्यावर बशी झाकून काका तो आत ठेवून यायचे आणि दार अलगद ओढून घ्यायचे.

आज काकांनी चष्मा काढला. वही मिटली. मग पटाशा एकेक करून पुसून फडक्यात गुंडाळू लागले.

"हे काय करताय?"

"बास झालं आता. सातपूरला चाळीस वर्षं ओतकामाचे लाकडी साचे केले, सुताभराची चूक कुणी दाखवली नाही. आणि इथे एक मान जमेना. हातच गेला म्हणायचा माझा." त्यांनी फडक्याला गाठ मारली. "कळवणचा भाचा केव्हाचा हत्यारं मागतोय. त्याला देऊन टाकतो. तू दुसरा कुणी बघ, पोरी."

तेजलने नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. तिचे पावणेपाच इंच त्या वहीत जन्मभर सुखरूप राहिले असते. तिने काकांच्या हातांकडे पाहिलं. गाठ मारून झाली तरी ते फडक्यावरच होते. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिने डावा हात टेबलावर ठेवला. ताणला नाही. दोन बोटं आत वळून, अंग चोरून पडून राहिली.

"काका, माप घ्या."

"घेतलंय ना."

"ते या हाताचं नव्हतं. मी ताणून धरायचे. तुम्ही एकदाही चुकला नाहीत. हात तुमचा नाही गेला. माझा गेलाय."

काका त्या हाताकडे बघत राहिले. तीन माना वाया गेल्या होत्या, तीन महिन्यांची मेहनत. आता बोलणी खावी लागणार म्हणून ती वाट बघत होती. त्यांनी चष्मा चढवला, टेप काढला आणि बोटांना धक्का न लावता वरून धरला.

"सव्वातीन!" काका मोठ्याने म्हणाले.

तेजल दचकली. "हळू, काका! काकू उठतील."

काकांनी वही उघडून आकडा लिहिला. त्याखाली एक रेघ मारली. मग उठले आणि आतल्या खोलीचं दार सताड उघडलं. पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती. खिडकीत मघाचा कप होता, बशी झाकलेली तशीच.

ते परत आले, गुडघ्यावर बसून टेबलाखालचा ॲम्प बाहेर ओढला आणि वायरचा गुंता सोडवू लागले.

"वाजव आता, होईल तेवढ्या मोठ्याने वाजव," ते म्हणाले. "मालिनीला जाऊन अडीच वर्षं झाली."